जागल्या

धाम नदीच्या काठी आमचे लहानसे शेत होते. ज्वारी हुरड्यावर आली, की रानडुकरे आणि रोही ह्यांचे कळप रात्री शेतात शिरत आणि वर्षाचे कष्ट एका रात्रीत तुडवून जात. म्हणून त्या दिवसांत माझे वडील एक जागल्या ठेवीत. चार खांबांवर बांधलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी काठी आणि वाजविण्यास पत्र्याचा रिकामा डबा, एवढाच त्याचा संसार असे.

एके वर्षी ह्या कामासाठी दोघे जण आले. एक धिप्पाड होता. त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाई. दुसरा किडकिडीत आणि अबोल होता. वडिलांनी दुसऱ्यास ठेवून घेतले. मला नवल वाटले. मी कारण विचारले, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, ज्याला जागल्या म्हणून ठेवावे, त्याला शेताच्या सगळ्या वाटा मोकळ्या होतात. म्हणून तो माणूस कसा आहे, हे आधी पाहावे. तो रात्री खरोखर जागतो की नाही, हे मग पाहावे. आणि वारा आला तरी ओरडणारा जागल्या कधी ठेवू नये. त्याच्या ओरडण्याने पुढे कोणी उठत नाही."

पुढे मी शिकलो, शिक्षक झालो आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. शेत कधीच विकले गेले होते. आपल्यावरही जागल्या निवडण्याचा प्रसंग येईल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तो प्रसंग आला; आणि तोही टेबलावर मावणाऱ्या एका शेतासाठी आला!

निवृत्तीनंतर मी घरी एक संगणक घेतला. त्याला कारण होते. माझी आई, आत्या आणि शेजारच्या बायका पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणत. गावात पिठाची गिरणी आली, जाती अंगणात उपडी पडली आणि ओव्या ओठांतच राहिल्या. नोकरीत असताना सुटीच्या दिवशी मी त्या म्हाताऱ्या बायकांपुढे वही घेऊन बसत असे. अशा सात वह्या भरल्या. पण एका पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि दोन वह्यांची चाळण झाली. तेव्हा मी ठरविले, की वाळवी पोहोचणार नाही अशा जागी हे धन ठेवावयाचे. एका बोटाने टंकलेखन करीत चार वर्षांत मी अकराशे चाळीस ओव्या संगणकात उतरविल्या. जीर्ण झालेल्या वह्या नंतर मी स्वतःच्या हातांनी रद्दीत घातल्या. आता वाळवीची भीती नाही, असे समाधान मला वाटत होते.

संगणकासोबत एक अँटिव्हायरस, म्हणजे संगणकास जडणाऱ्या घातक कार्यक्रमांपासून राखण करणारा कार्यक्रम, एका वर्षापुरता मिळाला होता. वर्ष सरले. नूतनीकरणाची सूचना पडद्यावर वारंवार येऊ लागली. मी ती दर वेळी बाजूस सारली. "माझ्या घरात चोरावे असे आहे तरी काय?" असे मी मोठ्या ऐटीत म्हणत असे. चोराला आपले धन नको असले, तरी आपल्याला ते हवे असते, आणि तेवढे त्याला पुरेसे असते, हे मला ठाऊक नव्हते.

एके दिवशी संध्याकाळी काही वाचीत असता पडद्यावर अकस्मात लाल चौकट झळकली. "तुमच्या संगणकात शेकडो विषाणू सापडले आहेत. हा रक्षक ताबडतोब उतरवून घ्या," अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यात होता. बाजूला मोठा आवाजही होत होता. मी घाबरलो. जन्मभर मुलांना 'आधी वाचा, मग विचार करा, मग लिहा' असे सांगणाऱ्या मी, न वाचता आणि विचार न करता त्या चौकटीवर बोट दाबले. नवीन रक्षक घरात आला. मी निर्धास्तपणे झोपलो.

सकाळी एकही ओवी उघडेना. फायलींची नावे विचित्र झाली होती आणि पडद्यावर एक चिठ्ठी होती: फायली कुलुपात घातल्या आहेत, किल्ली हवी असल्यास पैसे पाठवा! रात्री ज्याला मी राखणदार म्हणून आत घेतले, तोच दरोडेखोर होता.

माझा एक जुना विद्यार्थी वर्ध्यात संगणकदुरुस्तीचे काम करतो. मी त्याला बोलावले. तो आला आणि म्हणाला, "सर, आधी इंटरनेटची वायर काढा. आणि एक पैसाही पाठवू नका. पैसे दिले तरी किल्ली मिळेलच, असा भरवसा नसतो." अशी कुलुपे उघडण्याच्या किल्ल्या विनामूल्य मिळाव्यात, म्हणून २०१६ साली नेदरलँडचे पोलीस, युरोपोल आणि काही कंपन्या ह्यांनी मिळून एक उपक्रम सुरू केला आहे. त्याने तेथे शोध घेतला. परंतु माझ्या कुलुपाची किल्ली तेथे नव्हती. दोन वर्षांपूर्वी सहज म्हणून सहाशे ओव्यांची प्रत मी हिंगणघाटला बहिणीकडे पाठविली होती. तेवढ्या वाचल्या. उरलेल्या पाचशे चाळीस गेल्या. ज्यांनी त्या म्हटल्या होत्या, त्यांतील बहुतेक जणीही आता नव्हत्या.

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझी ती अवस्था पाहून तो म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला व्याकरण शिकवलं. आता थोडं हे शास्त्र मी तुम्हांला शिकवतो. मग राखणदार तुम्हीच निवडा." पुढले आठ दिवस मी विद्यार्थी झालो आणि तो गुरू झाला. त्याच्याकडून जे शिकलो, ते तुम्हां मुलांना सांगावे, म्हणून हा लेख.

संगणकातील विषाणू हा काही खरा जंतू नव्हे. तोही माणसानेच लिहिलेला एक कार्यक्रम असतो. फरक इतकाच, की तो आपल्या नकळत आत शिरतो आणि आपल्यासारखेच दुसरे कार्यक्रम निर्माण करतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. आपल्या वैद्यकीय कार्यक्रमाच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना अद्दल घडावी, एवढाच आपला हेतू होता, असे ते सांगत. त्यांनी त्यात स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता! परंतु एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर जात तो देशोदेशी पसरला. ४ मे २००० ह्या दिवसापासून एक प्रेमपत्र जगभर हिंडू लागले. ते फिलिपाईन्समधून निघाले होते. कुतूहलाने ते ज्यांनी उघडले, त्यांच्या फायलींची नासधूस झाली आणि त्यांच्या ओळखीच्या साऱ्यांना तेच पत्र आपोआप गेले. दार कोणी फोडले नव्हते. ते आतूनच उघडले गेले होते. माझे तरी दुसरे काय झाले होते?

मग राखणदार चोर कसा ओळखतो? त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत पोलिसठाण्यातील नोंदवहीसारखी आहे. माहीत असलेल्या प्रत्येक विषाणूची खूण तो एका यादीत ठेवतो आणि येणारी प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहतो. परंतु नवे विषाणू रोज निघतात. म्हणून ती यादीही रोज नवी व्हावी लागते. नूतनीकरण न करता मी जो राखणदार ठेवला होता, त्याच्या हाती जुनीच नोंदवही होती.

दुसरी रीत आपल्या वर्धा जिल्ह्यातील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास चांगली ठाऊक आहे. गुलाबी बोंडअळी आत लपलेली असते. वरून ती दिसत नाही. पण फूल नीट न उमलता पाकळ्या मुडपून राहते. त्यास डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली, की जाणता शेतकरी समजतो, आत अळी आहे. त्याचप्रमाणे चांगला राखणदार अनोळखी कार्यक्रमाची वागणूक पाहतो. एखादा कार्यक्रम भराभर शेकडो फायलींना कुलुपे घालू लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी तो त्याला अडवितो.

संशयित सापडला, की त्याचे काय करावयाचे? तुम्ही सेवाग्रामचा आश्रम पाहिला असेल. तेथे साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले, तेव्हा त्या रानात सापविंचू पुष्कळ होते. साप मारावयाचा नाही, धरून दूर सोडावयाचा, असा आश्रमाचा प्रघात होता. अँटिव्हायरसही संशयित फाईल एकदम नष्ट न करता प्रथम पिंजऱ्यात घालतो. कारण कधी कधी धामणीलाच नाग समजण्याची चूक होते. धामण बिचारी शेतातले उंदीर खाणारी. तिला मारले, तर नुकसान आपलेच. पिंजऱ्यातील फाईल निरुपद्रवी निघाली, तर ती आपल्याला परत मिळते.

इतके समजल्यावर निवडीचा प्रश्न आला. बाजारात कित्येक राखणदार होते. काही परदेशी होते. एक तर आपल्या पुण्याचाच होता. त्याची कथा ऐकून मला फार आनंद झाला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून गणकयंत्रे दुरुस्त करण्याच्या कामास लागले आणि पुढे त्यांनी पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. धाकटे भाऊ संजय ह्यांना त्यांनी संगणकशास्त्र शिकविले. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत विषाणू फार आढळत, म्हणून संजय ह्यांनी ते काढून टाकणारा कार्यक्रम लिहिला. १९९५ साली त्यातून 'क्विक हील' जन्मास आले. २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले. लाहोरच्या दोन भावांच्या हातून रोग निघाला आणि पुण्याच्या दोन भावांनी औषध शोधले. विद्या एकच, ती कोणत्या कामी लावावी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे!

परंतु गावचा म्हणून किंवा परदेशी म्हणून कोणास घ्यावे, हे काही बरोबर नव्हे. मला वडिलांचे शब्द आठवले. तो माणूस कसा आहे, हे आधी पाहावे. अँटिव्हायरसला आपली प्रत्येक फाईल उघडून पाहण्याची मुभा असते. शेताच्या सगळ्या वाटा त्याला मोकळ्या असतात. २०२० साली असे उघडकीस आले, की फुकट राखण करणारी एक परदेशी कंपनी आपल्या ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय पाहिले, त्याची माहिती इतरांना विकीत होती. २०२४ साली अमेरिकेच्या सरकारी आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. तेव्हा राखणदार फुकट असेल, तर त्याचे पोट कशावर भरते, हे अवश्य विचारावे. फुकट ते सर्व वाईट, असे मात्र नव्हे.

तो खरोखर जागतो की नाही, हे कसे पाहावे? वडील मध्यरात्री कंदील घेऊन न सांगता शेतावर जात. आपल्याला तसे करता येत नाही. पण हे काम करणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज ह्या संस्था निरनिराळ्या अँटिव्हायरसांपुढे विषाणू सोडून त्यांची परीक्षा घेतात आणि निकाल प्रसिद्ध करतात. कोणी किती पकडले, संगणक किती मंद केला आणि किती धामणी नाग समजून पकडल्या, हे सारे त्यात दिलेले असते. जाहिरातीपेक्षा हे प्रगतिपुस्तक वाचावे. मी तर जन्मभर प्रगतिपुस्तकेच तपासली. हे काम मला फार आवडले.

आणखी दोन गोष्टी मी शिकलो. एका वेळी दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत. दोन जागल्ये एकमेकांनाच चोर समजून रात्रभर भांडतात आणि रोही ज्वारी खाऊन जातात. दुसरी गोष्ट अशी, की दाराची फट बुजविली नाही, तर राखणदार काही करू शकत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या कार्यक्रमाने दीडशे देशांतील संगणकांना कुलुपे घातली. ब्रिटनमधील रुग्णालयांचीही कामे अडली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविण्याचे साहित्य मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च महिन्यात दिले होते. ज्यांनी ते वेळेवर लावून घेतले नाही, त्यांच्या घरी तो शिरला. म्हणून संगणकाची मूळ प्रणालीही सदैव अद्ययावत असावी.

शेवटी मी काय केले? संगणकाच्या विंडोज प्रणालीत डिफेंडर नावाचा एक राखणदार मुळातच असतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हते. प्रगतिपुस्तकात त्याचे गुण चांगले होते. त्याला वेगळे पैसे पडत नव्हते आणि आमच्या दोन माणसांच्या घराला तो पुरेसा होता. माझ्या विद्यार्थ्याने संगणक पुसून स्वच्छ केला, प्रणाली नव्याने घातली आणि मी त्यालाच राखणीस ठेवले. ज्यांच्या घरी बरीच माणसे, बरीच यंत्रे आणि पैशांचे पुष्कळ व्यवहार असतील, त्यांनी जाणत्यास विचारून विकतचा घ्यावा. वाचलेल्या पैशांतून मी प्रती ठेवण्यासाठी एक वेगळी डिस्क घेतली. प्रत काढून झाली, की मी ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवतो. कारण जोडलेली राहिली, तर दरोडेखोर तिलाही कुलूप घालतो. आणखी एक प्रत हिंगणघाटला बहिणीकडे जाते. भारत सरकारने २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले आहे. तेथे सफाईची साधने विनामूल्य मिळतात. कोणी संगणकावरून फसवून पैसे नेले, तर १९३० ह्या क्रमांकावर लगेच कळवावयाचे असते. हेही मी कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटविले आहे. त्याखाली एक ओळ माझी आहे: 'लाल चौकट दिसली, की हात मागे घ्यावा.'

मुलांनो, माझी चूक राखणदार निवडण्यात झाली, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. मी निवड केलीच नव्हती. भीतीने माझ्यासाठी ती केली होती. घाबरलेला मनुष्य आरडाओरडा करणाऱ्याला जागल्या समजतो. वडिलांनी तो धिप्पाड माणूस का परत पाठविला, हे मला त्या वयात कळले नव्हते. ते साठी उलटल्यावर कळले.

आणि त्या पाचशे चाळीस ओव्या? आर्वीला माझी धाकटी आत्या आहे. वय झाले आहे. ऐकू कमी येते, पण स्मरण स्वच्छ आहे. दर रविवारी मी नवी वही घेऊन तिच्याकडे जातो. तिला पिठाची परात पुढे दिली आणि हात फिरवावयास सांगितले, की जात्याची लय तिच्या हातांत येते आणि ओव्या ओठांवर येतात. आजवर एकशे साठ परत मिळाल्या आहेत. सगळ्या मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. परवा सारी हकीकत ऐकून ती हसली आणि म्हणाली, "अरे बापू, कागदाले वाळवी लागते, तुह्या डब्याले कीड लागते. मंग थोड्या पाठच करून ठेव ना!"

आता मी रोज पहाटे दोन ओव्या पाठ करतो.